परडं आवरताना : माघ ते चैत्र

२ फेब्रुवारी, रविवार

वरण्याच्या (पावट्यासारख्या शेंगांच्या) वेलाची खालची पानं पिवळी पडायला लागली. आजपासून आवरायला घ्यायचं.

ऑक्टोबरपासून या वहीत रोज वजन लिहीत आले. मेथीच्या जुड्या, वांगी, टोमॅटो, काढलं की तराजूवर आणि मग वहीत. शाळेच्या कार्यालयात एकतीस वर्षं हजेरीपटं लिहिली, ती सवय हाताला आहे. जानेवारीच्या मध्यानंतर आकडे उतरणीला लागले. पुढची पानं आवरण्याची असतील, पण तीही तारखेनिशीच लिहायची, म्हणजे पुढच्या वर्षी कशाला किती दिवस लागतात ते कळेल.

जागा : कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेतल्या घरामागचं परडं, अठरा फूट बाय बावीस फूट. चार वाफे, मधे आड, आडाशेजारी शेवगा, भिंतीलगत कढीपत्ता आणि जास्वंद. पहिल्या वाफ्यावर वरण्याचा मांडव आहे. दुसऱ्यात टोमॅटो, तिसऱ्यात वांगी आणि मिरच्या. चौथ्यात कोथिंबीर आणि मेथी, कडेला दवण्याची सहा रोपं.

अंबाबाईच्या देवळात किरणोत्सवाचे दिवस आहेत. मावळतीचे किरण महाद्वारातून आत शिरतात आणि देवीच्या पायांपासून मुखापर्यंत चढत जातात. नोव्हेंबरात एकदा आणि आता एकदा. आमच्या परड्यातलं ऊनही याच दिवसांत जागा बदलतं. नोव्हेंबरात शेजारच्या भिंतीच्या सावलीत गेलेला चौथ्या वाफ्याचा कोपरा आज चारनंतर उजळला. थंडीतल्या पिकांना हे ऊन नको असतं. मेथीनं लगेच फुलं काढलीत.

या कामात मला सगळ्यात जास्त जपायचं आहे ते बी. जुलै २०२१ च्या पुरात परड्यात कमरेएवढं पाणी होतं आणि आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, बियांचा डबा मागच्या कोनाड्यात राहिला. पाणी ओसरल्यावर उघडला तर आत नुसता आंबूस लगदा. त्या काही बोलल्या नाहीत, डबा घासून उन्हात पालथा घातला. तेव्हापासून तो अर्धा रिकामाच आहे. या वर्षी तो भरायचा.

९ फेब्रुवारी, रविवार

वाफा दुसरा. टोमॅटोची चौदा झाडं. अकरा झाडांची खालची पानं करप्यानं तपकिरी झालीत, फळं अंगठ्याएवढीच राहताहेत. ती आज काढली. ही झाडं खताच्या खड्ड्यात घालायची नाहीत, करपा त्यातून पुढच्या वर्षी परत येतो. भिंतीशी वेगळा ढीग केला.

उरलेल्या तीन झाडांवर डाग नाही. बी त्यांचंच धरणार. गेल्या वर्षी मी सगळ्यांत मोठं फळ बघून बी काढलं होतं आणि ते नेमकं रोगट झाडाचं निघालं. झाड बघून बी धरायचं हे तेव्हा कळलं. हा जवारी (गावठी) टोमॅटो आहे, चपटा, खाचा असलेला, आंबट. दुकानातल्या टोमॅटोनं आमटीला जो आंबटपणा येत नाही तो यानं येतो.

पूर्ण लाल झालेली पाच फळं कापून गर वाटीत काढला, थोडं पाणी घातलं, वर फडकं बांधून मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं. बियांभोवतीचा बुळबुळीत थर दोन-तीन दिवसांत आंबून सुटतो. तो थर असेपर्यंत बी उगवत नाही.

हंगामाचा टोमॅटो, एकूण : १७ किलो ३०० ग्रॅम.

१२ फेब्रुवारी, बुधवार

वाटीवर पांढरी साय आली होती. पाच वेळा धुतलं. चांगलं बी तळाशी बसलं, पोकळ होतं ते वर तरंगून वाहून गेलं. स्टीलच्या ताटात पसरून सावलीत ठेवलंय. कागदावर पसरलं तर चिकटून बसतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

वरण्याचा मांडव उतरवला. हे काम मी आठ दिवस पुढे ढकलत होते.

श्रावणात टोकलेला वेल डिसेंबरात पांढऱ्या आणि जांभळ्या फुलांनी भरला होता. जानेवारीत माव्यानं शेंडे काळे केले, मी रोज पाण्याचा फवारा मारून ते धुतले. ओल्या शेंगा नऊ किलो चारशे ग्रॅम निघाल्या. त्यातल्या कितीतरी वरणा-वांग्याच्या भाजीत गेल्या, दोन पिशव्या पुण्याला लेकाकडे. बियासाठी मांडवाच्या मधल्या भागातल्या शेंगांना डिसेंबरापासून हात लावला नव्हता. त्यांना लाल दोरा बांधून ठेवला होता. आज त्या हातात घेतल्यावर खुळखुळ्यासारख्या वाजत होत्या.

वेल उपटला नाही. जमिनीलगत विळ्यानं कापला आणि मुळं आत राहू दिली. शेंगेच्या पिकांच्या मुळांवर बारीक गाठी असतात, त्यांतले जिवाणू हवेतला नत्र धरतात. मूळ जागच्या जागी कुजलं की तो मातीला मिळतो. एक मूळ उकरून आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी ते चष्म्याजवळ नेलं, एक गाठ नखानं फोडली. आतून गुलाबी निघाली.

"एवढी वर्सं उपटून टाकीत आलो की गं आम्ही," म्हणाल्या.

मग मागच्या सोप्यात सूप घेऊन बसल्या. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. परड्यात उतरताना आता हात धरावा लागतो, पण बी निवडायला त्यांच्याइतकं बारीक कुणी नाही. शेंग दोन बोटांत दाबली की फट्‌ आवाज होतो आणि दाणे सुपात पडतात. सुरकुतलेला दाणा एकीकडे, भुंग्यानं भोक पाडलेला दुसरीकडे, टपोरा तिसरीकडे. मी मांडवाचे बांबू सोडवत होते. दोघी दोन तास तरी एकमेकींशी बोललो नाही.

मग त्यांनी आपणहून सांगितलं. लग्न झालं १९५९ ला. पहिल्या पंचमीला माहेरी गेल्या, गारगोटीच्या बाजूला. परत निघताना आईनं पदरात मूठभर वरणा बांधून दिला. इथं आल्यावर सासूनं विचारलं, काय आणलंस माहेराहून? त्यांनी पदर सोडून दाखवला. सासू काही न बोलता परड्यात गेली आणि तिनं जागा दाखवली. हीच जागा, आता जिथं पहिला वाफा आहे. पुरात ते बी गेलं तेव्हा त्यांच्या माहेरी मी फोन केला होता. तिकडे त्याच वाणाचा वेल अजून बांधावर होता. भावाच्या नातवानं पुढच्या पंचमीला कागदात बांधून आणून दिला. ही गोष्ट मला माहीत होती. सासूनं जागा दाखवल्याचं मात्र आज पहिल्यांदा ऐकलं.

बियाला ठेवायचा वरणा : ६१० ग्रॅम. आमटीला : १ किलो १५० ग्रॅम.

२३ फेब्रुवारी, रविवार

वांग्याची चार फळं बियासाठी झाडावरच ठेवलीत, पार पिवळी होईपर्यंत. बाकीची झाडं छाटली.

वडणग्याच्या पाहुण्यांनी टेम्पोतून उसाचं पाचट पाठवलं, आठ भारे. त्यांच्याकडे तोड होऊन खोडवा राखलाय. ते सांगत होते, कारखान्यांचे पट्टे पडायला लागले, म्हणजे गाळप संपायला लागलं. रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या कमी झाल्यात हे माझ्याही लक्षात आलं होतं. पुलाकडच्या वळणावर ट्रॉलीतून निसटलेली कांडी उचलायला पोरं धावायची, तीही आता दिसत नाहीत. गुऱ्हाळं अजून चालू आहेत. पाचटाबरोबर काकवीची बाटली आली.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

वजन : काही नाही.

ऑक्टोबरपासून हा रकाना पहिल्यांदाच रिकामा राहिला. सकाळी उपासाची रताळी उकडली, पूजा झाली, हे देवळात जाऊन आले. मग मी परड्यात गेले आणि करायला काही नव्हतं. झाडून काढलं. तासाभरानं पुन्हा झाडलं. तिसऱ्यांदा खराटा हातात घेतल्यावर मला आतून भीती वाटली.

गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या तेव्हा दहा वाजता घंटा ऐकू येते की काय असं वाटायचं. परड्यानं मला त्यातून काढलं. रोज उठायला कारण होतं, वहीत लिहायला आकडा होता. आता तेही थांबणार, मग काय, असं आज दुपारी मनात आलं, ते इथे लिहून ठेवते.

तीन वाजता उकाडा वाढला. मागच्या सोप्यात शहाबादी फरशीवर आडवी झाले. शेजारी आत्याबाईंचा डोळा लागला होता. सुपात टोमॅटोचं बी वाळत होतं. डोळा माझाही लागला. उठले तेव्हा ह्यांनी चहा ठेवला होता.

९ मार्च, रविवार

धने. चौथ्या वाफ्यातली कोथिंबीर जानेवारीतच उमलली होती, ती मुद्दाम राखली. फुलांवर मधमाश्या एवढ्या यायच्या की सकाळी त्या बाजूनं जायला नको वाटायचं. झाडं तपकिरी झाल्यावर गेल्या आठवड्यात कापून जुड्या आढ्याला उलट्या टांगल्या होत्या. आज पोत्यावर बडवल्या, सुपानं पाखडल्या. शेजारच्या वहिनी मदतीला आल्या आणि घरभर धन्यांचा वास सुटला.

भरले ८४० ग्रॅम. त्यातले दोनशे बियाला. धना पेरताना हलका रगडून दोन फाका करायच्या, एका धन्यात दोन बिया असतात. उरलेले सहाशे चाळीस यंदाच्या चटणीत, म्हणजे वर्षाच्या कांदा-लसूण मसाल्यात, जाणार. चटणीला घरचे धने मिळण्याचं हे पहिलंच वर्ष.

आडाचं पाणी मोजलं. दोरीला हातभर अंतरावर गाठी मारल्यात. डिसेंबरात पाच गाठी भिजायच्या, आज तीन भिजल्या.

१३ मार्च, गुरुवार. होळी

सकाळी तालमीची पोरं शेणी (गोवऱ्या) मागायला आली. आमच्याकडे होळी लहान करतात आणि शेणी पंचगंगेवरच्या स्मशानाला देतात. आमच्या घरच्या वीस-पंचवीस शेणी दरवर्षी त्यात जातात. पोरांनी मांडवाचे बांबूही मागितले. चांगले चौदा बांबू ठेवले, वाळवी लागलेले सहा दिले. करप्याची टोमॅटोची झाडं भिंतीशी वाळून कोळ झाली होती, तीही दारापुढच्या होळीत टाकली. त्यांची जागा तीच.

रात्री पोळ्या झाल्यावर राख थंड व्हायची वाट बघत बसलो. लाकडाची राख मला बियांच्या बाटल्यांसाठी हवी होती. दारात आत्याबाई खुर्चीवर, हे पायरीवर, मी उंबऱ्यावर. रस्त्यानं ओळखीचे जात होते, थांबत होते, पुढे जात होते. साडेअकरा वाजले तरी उठावंसं वाटेना. राख चाळून एक डबा भरून ठेवली.

१६ मार्च, रविवार

वाफे झाकले. आधी मातीत शेणखत, प्रत्येक वाफ्याला दोन पाट्या. वरून आडाचं पाणी, मातीला ओल येण्यापुरतं. त्यावर पाचट वीतभर जाड. पाचट असलं की ऊन थेट मातीला लागत नाही, गांडुळं खोल जात नाहीत आणि पावसाळ्यापर्यंत खालचा थर कुजून मातीत मिसळतो. चौथ्या वाफ्यातली दवण्याची कड तेवढी उघडी ठेवली. खताच्या खड्ड्यात वांग्याची, मेथीची झाडं बारीक तोडून घातली, एकाआड एक कोरडा पाला आणि शेण. जूनपर्यंत खत होईल.

काम चालू असताना लेकाचा फोन. स्पीकरवर ठेवून बोलले.

"आई, आता उन्हाळ्यात काय लावणार?"

"काही नाही."

"अगं भेंडी, गवार येते की उन्हाळ्यात. पाण्याचं टेन्शन घेऊ नको, ठिबकचा छोटा संच मागवतो मी."

त्याचं बरोबर आहे. भेंडी, गवार, काकडी सगळं येतं. गेल्या महिन्यात त्यानं हे विचारलं असतं तर मी लगेच हो म्हटलं असतं, रिकाम्या रकान्याच्या भीतीनं. पण आडाच्या तीन गाठी आहेत आणि एप्रिल, मे जायचे आहेत. शेवगा आणि कढीपत्त्याला पाणी लागणार आहे, पाखरांच्या परळात लागणार आहे. आणि मला स्वतःला परडं आता असंच बघायचं आहे, झाकलेलं, झोपलेलं.

"या वर्षी राहू दे," म्हटलं. "श्रावणात वरणा लावू. तू ये तेव्हा."

त्यानं दोन-तीनदा विचारलं, बरी आहेस ना? बरी आहे. फोन ठेवल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "पोरगं काळजी करतंय." मग थोड्या वेळानं, "मीबी पंचमीपातूर हाय की." मी पाचट पसरत राहिले, वर बघितलं नाही.

१९ मार्च, बुधवार. रंगपंचमी

कोल्हापूरची रंगपंचमी. बारा वाजेपर्यंत दार लावून घेतलं होतं, तरी पेठेतल्या लहान पोरांनी आत्याबाईंच्या गालाला रंग लावायचा म्हणून उघडायला लावलं. त्यांनी लावून घेतला. वांग्याची बियाची फळं पार पिवळी झालीत, संध्याकाळी कापून बी धुतलं.

२४ मार्च, सोमवार

चटणी.

तीन दिवस याचीच तयारी चालली होती. मिरची लक्ष्मीपुरीतून आणली. दोन किलो ब्याडगी रंगाला, एक किलो संकेश्वरी तिखटाला. गच्चीवर धोतरावर वाळत घातली. ऊन एवढं की दुसऱ्या दिवशी दुपारी मुठीत धरली तर चुरा होत होती. शनिवारी देठं मोडायला शेजारच्या वहिनी, त्यांच्या जाऊबाई आणि समोरच्या मावशी अशा आम्ही पाचजणी बसलो. हातांची आग होते म्हणून खोबरेल लावून बसायचं. बोलणं चालू असतं आणि ढीग कधी संपतो कळत नाही. उद्या त्यांची चटणी, तेव्हा मी जाणार.

काल मसाला भाजला. खोबरं एक किलो, तीळ, खसखस, जिरं, लवंग, दालचिनी, मसाला वेलदोडा, दगडफूल, बडीशेप, मोहरी, थोडी मेथी, हळकुंड, आणि घरचे धने सहाशे चाळीस ग्रॅम. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, मंद आचेवर, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा आहे. धने मी सगळ्यात शेवटी घेतले. कढईत पडल्यावर तो चौथ्या वाफ्याचा वास आला, मधमाश्या असतानाचा. दोन किलो कांदा उभा चिरून उन्हात सुकवला होता, तो लाल तळला. लसूण एक किलो आत्याबाईंनी सोलला. "मी करतो, तू सर," म्हणून माझ्या हातातून घेतला आणि दोन बैठकांत संपवला.

आज सकाळी सगळं घेऊन कांडपावर. मार्चमध्ये तिथे रांग असते. प्रत्येकीचे डबे, प्रत्येकीची ठरलेली मापं, कुणाला आलं जास्त, कुणाला कोथिंबीर. नाका-तोंडाला पदर बांधून दीड तास बसले. घरी आल्यावर चिनी मातीच्या दोन बरण्यांत दाबून भरली, वर हिंगाचे खडे, तोंडाला फडकं.

जेवताना ज्वारीची भाकरी, नवीन चटणी, तेल, कच्चा कांदा. हे जेवताना एरवी बातम्या लावतात, आज लावल्या नाहीत. शेवटचा घास संपेपर्यंत कुणी उठलं नाही. वर्षाची चटणी फडताळात आहे आणि आता घाई कशाची नाही.

हे परड्याच्या नोंदीत का लिहायचं, असा प्रश्न मला पडला होता. धने परड्याचे आहेत. म्हणून.

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा

पहाटे गुढी उभी केली. कडुलिंबाचा पाला, गूळ, हरभऱ्याची डाळ वाटून सगळ्यांना दिली. गुढीला बांधून उरलेला कडुलिंब सावलीत ठेवलाय, वाळला की बियांच्या डब्यात जाईल.

दुपारी डबा भरला. आत्याबाई समोर होत्या. प्रत्येक बी त्यांनी दाताखाली घेऊन बघितलं, कट्ट वाजलं तरच पुढे. मेथीचं बी वाजलं नाही, ते परत दोन दिवस उन्हात. वरणा मोठ्या बाटलीत होळीच्या राखेत घोळून. टोमॅटो, वांगी, मिरची कागदी पुड्यांत, पुड्या काचेच्या बरणीत. धने कापडी पिशवीत. प्रत्येकावर मी नाव आणि महिना लिहिला, शाळेतल्या अक्षरात. टोमॅटोचं बी नीट ठेवलं तर चार वर्षं चालतं, धन्याचं त्यापेक्षा कमी, म्हणून धने दरवर्षी धरावे लागणार.

डबा या वेळी कोनाड्यात ठेवला नाही. वरच्या मजल्यावर, माळ्याला, तुळईजवळ. पुराचं पाणी तिथवर जात नाही. आत्याबाई जिन्याखाली उभ्या राहून विचारत होत्या, नीट बसला काय? झाकण लागलं काय? दोन्हीला हो म्हटलं.

४ एप्रिल, शुक्रवार

काम : नाही. तरी लिहिते, कारण आजचा दिवस मला हवा तसा गेला.

पाचला जाग आली. शेवग्यावर पाखरांचा गोंधळ होता, ऊन यायच्या आधीचा. परळात पाणी घातलं, दवण्याला तांब्याभर, शेवग्याच्या आळ्यात दोन बादल्या. पाचटावर अनवाणी चालले. वरून कुरकुरीत, पण बोटं आत घातली तर खालची माती गार आणि ओली लागते. पाचट उचललं तर दोन गांडुळं. परत झाकलं.

शेवग्याच्या शेंगा काढल्या, बारा. आमटी केली. दुपारभर वरण्याच्या रिकाम्या पिशव्यांची शिवण उसवून त्याची पायपुसणी शिवत बसले. आत्याबाई बाजूला वाती वळत होत्या. त्यांनी मधेच गाणं म्हटलं, हादग्याचं, अर्धं आठवलं, अर्धं मी पूर्ण केलं. चारला वारा सुटला, जास्वंदीची फुलं फरशीवर आली. सहाला हे गंगावेशीत कट्ट्यावर जाऊन म्हशीचं धारोष्ण दूध घेऊन आले, फेसासकट. आत्याबाईंनी पेलाभर तसंच प्यायलं, ओठावरचा फेस पदरानं पुसला.

महाशिवरात्रीला रिकामा रकाना बघून जीव घाबरला होता. आज तो रकाना आखायचंच विसरले, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. मी सुखात आहे. ही वही इतर कुणी वाचणार नाही, तेव्हा हे स्पष्ट लिहायला हरकत नाही.

१२ एप्रिल, शनिवार. चैत्र पौर्णिमा

जोतिबाची यात्रा. गुरुवारपासून पंचगंगा घाटावर माणूस मावत नाही. सासनकाठ्या (देवाच्या उंच निशाणकाठ्या) शिवाजी पुलावरून वाडी रत्नागिरीकडे, जोतिबाच्या डोंगराकडे, चालल्यात. रात्रभर हलगी आणि "चांगभलं" घरात ऐकू येतं. दर वर्षी मी डोंगरावर जाते. या वर्षी शेजारच्या वहिनींना म्हटलं, तुम्ही जा, माझ्याकडून दवणा घेऊन जा.

पहाटे पाचला दवणा कापला. सहा रोपांचा छान भारा झाला. हाताला, पदराला, विळ्याला तोच वास. ओल्या फडक्यात गुंडाळून वहिनींकडे दिला. जोतिबाला दवणा वाहतात, गुलालाबरोबर, आणि घरच्या मातीतला दवणा डोंगरावर जाण्याची ही आमची पहिलीच वेळ.

मग उघडी राहिलेली चौथ्या वाफ्याची कडही पाचटानं झाकली. आता परड्यात पेरलेलं असं काही नाही. आडाच्या दोन गाठी भिजतात. हंगामाच्या नोंदी इथे संपतात.

दिवसभर घरात शांत होतं. पेठ अर्धी रिकामी, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. आत्याबाई पुढच्या सोप्यात दाराशी बसून होत्या. कुणी गुलालानं माखलेला दारावरून गेला की हात जोडून "चांगभलं" म्हणत होत्या. त्यांच्यासाठी सकाळी मी एक काडी बाजूला काढून ठेवली होती. ती दिली तर हुंगली, अर्धी मोडून माझ्या केसांत खोवली, अर्धी स्वतःच्या.

"आता जेवायला वाढ," म्हणाल्या. "शेंगांची आमटी हाय न्हवं?"